जाड ऑइलने इंजिन वाचत नाही, धूळ अडवा

दर उन्हाळ्यात हा मेसेज फिरतो: "मराठवाड्याच्या उन्हात ऑइलचं पाणी होतं. बाइक असो की ट्रॅक्टर, २०डब्ल्यू-५०च टाका, झीज होत नाही. ऑइल काळं पडलं की इंजिन गेलंच समजा." २०डब्ल्यू-५० म्हणजे जाड ऑइलचा एक ग्रेड. या मेसेजमधलं जवळजवळ सगळं चूक आहे.

"ऑइलचं पाणी होतं." बाहेर परभणीचा मे असो की डिसेंबर, तापलेल्या इंजिनातलं ऑइल ९०-१०० अंशांच्या आसपास जातंच. १०डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांवरच्या दाटपणावरूनच ठरतो. एअर-कूल्ड बाइक उन्हात जास्त तापते, हे खरं. म्हणून मॅन्युअलमधला ग्रेड पाहा, मनाने चढवू नका.

"झीज होत नाही." सकाळी पहिल्या स्टार्टला ऑइल खाली चेंबरमध्ये असतं. जितकं जाड, तितकं इंजिनच्या वरच्या भागातल्या कॅम आणि रॉकरपर्यंत उशिरा पोचतं आणि तेवढा वेळ लोखंडावर लोखंड घासतं. जाड ऑइल टाकल्यावर धूर कमी झाला, असं बरेच जण सांगतात. होतो कमी, पण पिस्टनच्या रिंगा आधीच झिजून गेलेल्या असतात. काही दिवस दुखणं झाकतं, एवढंच.

"बाइक असो की ट्रॅक्टर." बहुतेक गिअरवाल्या बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलचं जपानी मानक) हवं. कारचं निसरडं ऑइल टाकलं की क्लच घसरतो.

"काळं पडलं." डिझेल इंजिनात नवं ऑइल काही तासांतच काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं, तेच त्याचं काम. भ्यायचं ते दुधाळ रंगाला, म्हणजे पाणी शिरलंय. किंवा पातळी वाढून डिझेलचा वास येत असेल तर.

धुळीबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि आपल्याकडे इंजिनं खाते ती धूळच. रोटाव्हेटर, मळणी, उसाच्या ट्रॉलीमागचा फुफाटा: त्यातली बारीक वाळू लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) आणि रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते. तिथे कोणताही ग्रेड कामाचा नाही. ऑइल-बाथ एअर क्लीनर (हवेतली धूळ वाटीतल्या ऑइलमध्ये अडकवणारा) असेल तर धुळीच्या कामात ८-१० तासांनी वाटी उघडा. तळाशी चिखल साचला असेल तर डिझेलने धुवा, नवं ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. मग क्लीनरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप काढून आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर पाइप चिरलाय, क्लॅम्प ढिला आहे किंवा क्लीनरच धूळ सोडतोय. ते दुरुस्त होईपर्यंत ट्रॅक्टर शेतात नेऊ नका.