‘एकार्थता’ म्हणजे ‘सर्व काही एकच’ नव्हे

‘फ्रेंच तत्त्वज्ञ जील देल्यूझ भेदाचा कैवार घेतो खरा, पण शेवटी सारे अस्तित्व एकच मानतो, म्हणजे त्याच्याही लेखी भेद हा भासच,’ हे विधान वरचेवर केले जाते. पुरावा म्हणून त्याच्या १९६८ च्या ‘भेद आणि पुनरावृत्ती’ या ग्रंथाचा शेवट दाखवला जातो, जिथे साऱ्या थेंबांसाठी एकच महासागर असल्याचे म्हटले आहे. अद्वैताच्या परिभाषेला सरावलेल्या आपल्या कानांना हे चटकन ओळखीचे वाटते आणि तिथेच गफलत होते.

मुळात ते वाक्य महासागरापाशी थांबत नाही. त्याला लगेच अट जोडलेली आहे: प्रत्येक थेंब आणि प्रत्येक आवाज आपल्या अतिरेकाच्या अवस्थेला, म्हणजे त्याला हलवत आणि वेषांतर करायला लावत राहणाऱ्या भेदाला, पोचलेला असला पाहिजे. थेंब विरघळून जाण्याची ही भाषा नाही. अट गाळून वाक्य सांगितले की अर्थ नेमका उलटा होतो.

दुसरे असे की, देल्यूझ ज्या एकार्थतेचा पुरस्कार करतो, म्हणजे ‘असणे’ हे साऱ्या गोष्टींविषयी एकाच अर्थाने बोलले जाते असे मानतो, तो अर्थाविषयीचा सिद्धांत आहे, वस्तूंच्या संख्येविषयीचा नाही. ‘ईश्वर आहे’ आणि ‘दगड आहे’ या वाक्यांतले ‘आहे’ केवळ सादृश्याने जुळते, असे तेराव्या शतकातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस मानत असे. मध्ययुगीन तत्त्वज्ञ डन्स स्कॉटसने (मृत्यू १३०८) त्यावर आक्षेप घेतला: ईश्वर आहे याची एखाद्याला खात्री असू शकते आणि तो अनंत की सांत याविषयी शंकाही असू शकते, तेव्हा ‘असणे’ ही संकल्पना या दोहोंहून वेगळी आणि दोन्हीकडे एकाच अर्थाची असली पाहिजे. ईश्वर आणि दगड एकच आहेत, असे यातून मुळीच निघत नाही. मग फरक कुठे राहतो? स्कॉटस पांढऱ्या रंगाचे उदाहरण देतो. दहा मात्रांचा पांढरेपणा फिकट पांढरेपणाहून वेगळा असतो, पण त्यासाठी त्यात दुसरा रंग मिसळावा लागत नाही. तीव्रता हीच त्याची आतली रीत असते. बाहेरून न चिकटलेला हा भेद देल्यूझला मोलाचा वाटतो, कारण ॲरिस्टॉटलच्या मांडणीत एखाद्या प्रकाराचा वेगळेपणा ओळखायला आधी एक समान जाती, म्हणजे दोहोंना सामावणारा व्यापक वर्ग, लागते.

‘मग हा स्पिनोझाच झाला,’ हेही खरे नाही. सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझा द्रव्य एकच मानतो आणि साऱ्या वस्तूंना त्याचे ‘प्रकार’ म्हणतो. पण त्याचे हे द्रव्य प्रकारांपासून स्वतंत्र राहते, अशी देल्यूझची उघड तक्रार आहे. द्रव्य हे प्रकारांविषयीच, आणि केवळ त्यांच्याविषयीच, बोलले जावे, अशी त्याची मागणी आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ आलाँ बाद्यूचा १९९७ चा आक्षेप मात्र वजनदार आहे: प्रत्यक्ष वस्तूंमागे ‘व्हर्च्युअल’ ठेवून देल्यूझ एकालाच परत आणतो, असे त्याचे म्हणणे आहे. मराठीत ‘आभासी’ हा रूढ प्रतिशब्द वापरला की हा आक्षेप आहे त्याहून बळकट वाटू लागतो. देल्यूझच्या मते व्हर्च्युअल पूर्णपणे वास्तव असते, फक्त प्रत्यक्षात उतरलेले नसते. आणि ते एकसंध नसून भेदात्मक संबंधांनीच बनलेले असते. त्यामुळे वस्तूच्या मागे जाऊन शोधले तरी तिथेही भेदच सापडतो.