‘फक्त सवय लागते’ म्हणणाऱ्या वाचकास

मागच्या आठवड्यात मी रीजन्सी काळावरच्या (इंग्लंडचा आजारी राजा तिसरा जॉर्ज याच्या जागी त्याचा मुलगा ‘रीजंट’ म्हणून कारभार बघत होता, तो काळ) इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांतल्या सोयीच्या लग्नाबद्दल लिहिलं होतं. कर्जात बुडालेला उमराव, हुंडा घेऊन येणारी मुलगी, दोघांमधला उघड व्यवहार आणि मग त्या व्यवहाराचं हळूहळू होणारं प्रेम. त्यावर तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. इतरांनी ती वाचली नसेल म्हणून थोडक्यात सांगते. माझं एक साल चुकलंय. त्या काळी लग्न झालेल्या बाईला कायद्यात अस्तित्वच नव्हतं. त्या उमरावांचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मळ्यांतून आला होता. 1818 साली इकडे पेशवाई बुडत असताना तिकडच्या ड्यूकांच्या लग्नांत रमणं मराठी माणसाला शोभत नाही. आणि शेवटी: ‘सोयीतून प्रेम उगवत नाही ताई, फक्त सवय लागते. जरा इतिहास वाचा.’

चूक आधी मान्य करते. रीजन्सी 1821 ला संपली असं मी लिहिलं होतं. तिसरा जॉर्ज 29 जानेवारी 1820 ला वारला आणि रीजंट राजा झाला. 1821 हे त्याच्या राज्याभिषेकाचं साल. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण एवढं सांगायला ‘जरा इतिहास वाचा’ कशाला हवं होतं? ‘ताई’ म्हणायचं आणि त्याच दमात कान धरायचा, ही रीत माझ्या चांगली ओळखीची आहे. मी बावीस वर्षं शाळेत शिकवलं. स्टाफरूममध्ये एखाद्या बाईंच्या हातात प्रेमकादंबरी दिसली की हाच सूर लागायचा. लढायांवरच्या जाडजूड कादंबऱ्या वाचणाऱ्या सरांना कुणी कधी इतिहास वाचायला सांगितलेलं मी ऐकलं नाही. तुम्ही नुसती माहिती दिली असतीत तर मी ती आनंदाने घेतली असती. तुम्ही मला माझी पायरी दाखवायला आलात.

कायद्याचं मला ठाऊक नाही असं समजू नका. लग्न झालं की बायकोचा रोख पैसा आणि चीजवस्तू नवऱ्याची होई, तिच्या जमिनीचं उत्पन्नही तोच घेई, हे खरंच आहे. म्हणूनच तर पैसेवाल्या घरांत लग्नाआधी वकील बसत आणि सेटलमेंट लिहिली जाई. बायकोला हातखर्चाला दरसाल किती, ते पिन मनी. नवरा आधी गेला तर तिला जन्मभर दरसाल किती, ते जॉइंचर. धाकट्या मुलांचा वाटा किती, तेही तिथेच ठरे. तिच्यासाठी राखलेला पैसा नवऱ्याच्या हाती न देता विश्वस्तांकडे ठेवता येई आणि चॅन्सरी कोर्ट ते मानत असे. आपल्याकडचं स्त्रीधन आठवा. या कादंबऱ्यांतली नायिका लग्नाला हो म्हणताना अटी घालते, त्या काही हवेतून आलेल्या नसतात. सगळ्याच बायकांना स्वतःच्या मालमत्तेचा हक्क मिळायला 1870 आणि 1882 चे कायदे यावे लागले, हेही माझ्या लेखात होतं. तुम्ही तिथवर वाचलंत असं वाटत नाही.

आता ते शेवटचं वाक्य. चार दिवस झाले, ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

सोयीच्या लग्नातून प्रेम उगवतंच असं मी कुठेही म्हटलेलं नाही. खुद्द रीजंटने 1795 मध्ये कर्ज फिटावं म्हणून कॅरोलाइनशी लग्न केलं. मुलगी झाली आणि दोघं वेगळी झाली. त्याच्या राज्याभिषेकाला ती वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारापर्यंत गेली, तर तिला आत घेतलं नाही. पण त्याच घरातलं दुसरं लग्न बघा ना. 1817 च्या नोव्हेंबरात रीजंटची ती एकुलती मुलगी, शार्लट, बाळंतपणात गेली. तिसऱ्या जॉर्जला एवढी मुलं, पण औरस नातवंड एकही उरलं नाही. मग उतारवयाचे राजपुत्र घाईघाईने बोहल्यावर चढले. क्लॅरेन्सचा ड्यूक विल्यम 52 वर्षांचा, कर्जबाजारी, डोरोथिया जॉर्डन या नटीपासून झालेल्या दहा मुलांचा बाप. ॲडलेड जर्मनीहून आलेली, 25 वर्षांची. लग्नाच्या जेमतेम आठवडाभर आधी दोघांनी एकमेकांना पाहिलं. 1818 च्या जुलैत लंडनजवळ क्यू इथे लग्न लागलं.

ॲडलेडने त्याच्या मुलांना आपुलकीने वागवलं. तिच्या स्वतःच्या दोन मुली जन्मल्या आणि तान्ह्या असतानाच गेल्या. वारस हवा म्हणून झालेलं लग्न, आणि वारस मिळाला नाही. सोय तिथेच संपली होती. तरी 1837 च्या जूनमध्ये, राजा झालेला विल्यम शेवटच्या दुखण्यात होता, तेव्हा ती त्याच्या उशाशी बसून होती. तिला दुसरा मार्ग नव्हता, असं तुम्ही म्हणाल. मार्ग नव्हता, कबूल. पण उशाशी बसून राहायला तरी राणीला कुणी बांधून घातलं नव्हतं.

आणि सवय! माझी मावशी चोविसाव्या वर्षी विधवा झाली. काही वर्षांनी तिचं एका बिजवराशी लग्न ठरलं. त्यांना दोन मुलं सांभाळायला कुणीतरी हवं होतं, तिला भावाच्या घरातून निघायचं होतं. बैठकीत हेच बोललं गेलं, कुणी लपवलं नाही. मी सुट्टीत तिच्याकडे राहायला जायची. काका रात्रपाळीहून पहाटे घरी यायचे. पहिल्या वर्षी मावशी दार उघडायची आणि परत जाऊन पडायची. चार वर्षांनी गेले, तर काका यायच्या आधीच तिने उठून चहाचं आधण ठेवलेलं असे. आणि काका गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरून ती हातात धरून आणत, खडखड होऊन तिची झोप मोडू नये म्हणून. ती जागी असते हे त्यांना कित्येक दिवस माहीतच नव्हतं. यातली सवय कुठली आणि प्रेम कुठलं, ते तुम्ही मला सांगा. मला आजवर वेगळं काढता आलेलं नाही. मी या कादंबऱ्या वाचते त्या अशा पहाटेसाठी. ती तुम्ही ‘फक्त’ या एका शब्दात उडवून लावलीत, याचा मला राग आला आहे, आणि तो मी लपवणार नाही.

बाकीच्या मुद्द्यांना फार वेळ देत नाही. मळ्यांच्या पैशाचा प्रश्न मोठा आहे, पण माझ्या लेखाचा विषय तो नव्हता. पेशवाईचं म्हणाल, तर बाजीराव त्या जूनमध्ये शरण गेला आणि जुलैत हे लग्न लागलं, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक आहे. मी दोन्ही वाचते. माझं मराठीपण तपासायचं काम तुमच्याकडे कुणी दिलेलं नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. उत्तर द्यायचं असेल तर ॲडलेडबद्दल द्या. आणि मला ‘ताई’ म्हणू नका, माझं नाव प्रत्येक लेखाखाली असतं.