डेमोसिस्टो मतपेटीत हरली नाही

हाँगकाँगच्या डेमोसिस्टो पक्षाचा विषय निघाला की "पोरंसोरं होती, राजकारण जमलं नाही" असं सर्रास ऐकू येतं. मला हे अजिबात मान्य नाही. विधिमंडळाच्या निवडणुकीत या पक्षाचा एकच उमेदवार मतदारांपर्यंत पोचू शकला आणि तो निवडून आला. दुसरीचा अर्ज छाननीतच बाद केला गेला.

पक्ष निघाला १० एप्रिल २०१६ ला. आधी 'स्कॉलरिझम' ही शाळकरी मुलांची संघटना, २०१२ मध्ये 'राष्ट्रीय शिक्षण' विषयाविरुद्धचा लढा, मग २०१४ चं खुल्या निवडणुकांसाठीचं ७९ दिवसांचं छत्री आंदोलन, असा तो घडत आला. मागणी स्पष्ट होती: चीनने दिलेली स्वायत्ततेची हमी २०४७ ला संपते, त्यानंतर हाँगकाँगचं काय, हे तिथल्या लोकांनी सार्वमताने ठरवावं. पक्षाचा मुख्य चेहरा जोशुआ वाँग तेव्हा १९ वर्षांचा आणि उमेदवारीची किमान अट २१ ची, म्हणून सप्टेंबरात २३ वर्षांचा नेथन लॉ उभा राहिला. हाँगकाँग बेटावर सहा जागा होत्या आणि पद्धत प्रमाणशीर. तिथे एक षष्ठांश मतांचा कोटा भरला नाही तरी उरलेल्या मतांच्या क्रमाने जागा मिळते. लॉला ५०,८१८ मतं पडली, तो दुसरा आला. नव्या पक्षाला हीच पद्धत मानवते.

१२ ऑक्टोबरला शपथविधीत लॉने आधी गांधीजींच्या नावे सांगितलं जाणारं एक वाक्य म्हटलं आणि मग शपथ पूर्ण वाचली. फक्त चीनच्या प्रजासत्ताकाचं नाव घेताना आवाज प्रश्न विचारल्यासारखा चढवला. ७ नोव्हेंबरला बीजिंगने मूलभूत कायद्याच्या (हाँगकाँगच्या छोट्या राज्यघटनेच्या) शपथेविषयीच्या कलम १०४ चा नवा अर्थ लावला, आणि जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने तो आधीच झालेल्या शपथेला लागू करून लॉची आमदारकी रद्द केली. शपथ घेताना हा अर्थ अस्तित्वातच नव्हता! याला मी अन्यायच म्हणेन.

पुढचे घाव थेट उमेदवारी अर्जावर पडले. जानेवारी २०१८ मध्ये, लॉच्या रिकाम्या जागेच्या पोटनिवडणुकीसाठी, पक्षाच्या ॲग्नेस चाऊचा अर्ज 'स्वयंनिर्णया'च्या भूमिकेवरून फेटाळला, तोही मुदत संपायला दोनच दिवस उरले असताना. घाईघाईने तिच्या जागी लोकशाहीवादी गटाचे अऊ नोक-हिन उभे राहिले आणि जिंकले. चाऊला बाजू मांडायची संधीच दिली नव्हती, असा निकाल न्यायालयाने दिला, पण तो सप्टेंबर २०१९ मध्ये.

त्याच वर्षी जिल्हा परिषदेला वाँगचा अर्ज २९ ऑक्टोबरला बाद झाला. अर्ज भरायची मुदत १७ तारखेलाच संपली होती. तरीही जागा हातची गेली नाही, कारण केल्विन लाम यांचा डमी (पर्यायी उमेदवाराचा) अर्ज आधीच भरलेला होता. तेही निवडून आले.

विद्यार्थी चळवळीतून पक्ष काढणाऱ्यांनी इथे थांबून बघावं. डमी अर्ज मुदतीच्या आत भरा, सूचकांच्या सह्या आणि अनामत रक्कम वेगळी ठेवा, आणि तो उमेदवार असा निवडा की ज्याची जुनी भाषणं पुढे करून अडवता येणार नाही. चेहरा एकच असला की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचं एक पत्र अख्खा पक्ष थांबवू शकतं.

३० जून २०२० ला बीजिंगने हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायदा मंजूर केला आणि त्याच दिवशी पक्ष विसर्जित झाला. २०२१ च्या बदलांनी विधिमंडळातल्या थेट निवडून द्यायच्या जागा ३५ वरून २० वर आणल्या आणि प्रत्येक उमेदवार तपासायला समिती बसवली. आता तिथे डमी अर्जाचाही उपयोग नाही.