सुट्टी संपायच्या आत काळा पट्टा

एप्रिल निम्मा झाला की खानदेशात दोन कामं एकदम सुरू होतात. गच्चीवर कुरडया आणि शाळेच्या मैदानावर कराटे. कुरडई तीन-चार उन्हांत कडक वाळते. तुमच्या मुलाला काळा पट्टा साधारण त्याच हिशेबाने हवा असेल, तर पुढचं नीट वाचा. मी अनुभवी बाप आहे. आमच्या चिरंजीवांच्या कपाटात आज सहा रंगांचे पट्टे लटकतात. गल्लीतलं कुत्रं अंगावर आलं तर मात्र ते अजून आजीच्या मागेच लपतात.

आधी रंगांचा अभ्यास करा, कारण शेजारी तोच करणार आहे. तायक्वांदोत पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि मग काळा अशी चढण असते. म्हणजे लाल हा काळ्याच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी. ज्यूदोत तोच लाल पट्टा नवव्या आणि दहाव्या दानाचा. (दान म्हणजे काळ्या पट्ट्यापासून वर मोजायच्या पायऱ्या.) तो बांधणारी माणसं बहुतेक आजोबा झालेली असतात. क्योकुशिन कराटेत निळ्यानंतर पिवळा येतो, तायक्वांदोत पिवळ्यानंतर निळा. एकाची बढती ती दुसऱ्याची घसरण. शहाणा बाप यातून वाट काढतो. पोराला तायक्वांदोत घालायचं, लाल पट्ट्यापर्यंत आणायचं, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला सहज सांगायचं की, "जपानमध्ये ज्यूदोत हा रंग नवव्या दानाला देतात." यात खोटं अक्षर नाही. पाहुणा शेवभाजीत पोळी बुडवता बुडवता थांबतो.

दान हा शब्द पाठ करून ठेवा. सर्टिफिकेटवर 'फर्स्ट डॅन' छापतात, मूळ उच्चार दान. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान काढलं, आणि पुढच्याच वर्षी दोन शिष्यांना पहिला दान दिला. ही पद्धत त्यांनी उचलली 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातून. आपल्याकडे सारीपाटावर दान पडतं, तसं त्यांच्याकडेही ते पटावरूनच आलं म्हणायचं. फरक इतकाच की आपल्या क्लासमध्ये दान घेणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात. दानाच्या खालच्या पायऱ्या म्हणजे क्यू. त्या उलट्या मोजतात, दहावा, नववा, आठवा करत पहिल्यापर्यंत. रांगेत नंबर जवळ येतो तसं.

पहिल्या दानाला 'शोदान' म्हणतात. त्यातल्या 'शो'चा अर्थ सुरुवात. म्हणजे काळा पट्टा मिळाला की मूळाक्षरं संपली, आता वाचायला बसा. हा अर्थ घरात कुणाला सांगू नका. फ्लेक्सवर तर अजिबात नको.

क्लासमध्ये नाव घालताना सर एक गोष्ट सांगतील. फार फार पूर्वी पट्टा एकच असायचा, पांढरा. तो कधी धुवायचा नाही. वर्षानुवर्षांच्या घामामातीने तो हळूहळू काळा व्हायचा. मान डोलवा. गोष्ट रसाळ आहे, फक्त घडलेली नाही. घडली असती तर धुळे-जळगाव रस्त्यावरच्या गॅरेजमधला प्रत्येक पोऱ्या आज दहावा दान असता. कराटेचा तर पट्टा आणि पांढरा ड्रेस दोन्ही ज्यूदोकडून उसने आणलेले. आधुनिक कराटेचे जनक गिचिन फुनाकोशी यांनी शिष्यांना पहिले काळे पट्टे दिले ते १९२४ मध्ये. म्हणजे आपलं भुसावळ जंक्शन कराटेच्या काळ्या पट्ट्याहून वयाने मोठं. रंगीत पट्ट्यांची रेलचेल त्याच्याही नंतरची, युरोपातली. १९३० च्या दशकात पॅरिसला मिकोनोसुके कावाइशी शिकवत होते, त्यांनी ती रुळवली. दर काही महिन्यांनी हातात काहीतरी पडलं की शिष्य टिकतात, हे तिथे कळलं. आपल्याला ते सांगावं लागलं नाही. 'हजारो वर्षांची प्राचीन परंपरा' हे शब्द मात्र माहितीपत्रकावर राहू द्या, त्याशिवाय फी शोभत नाही.

आता शैली निवडू. इथे बरेच पालक फसतात.

ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या वाटेला जाऊ नका. तिथे निळा पट्टा सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय नाही, आणि त्यावर किमान दोन वर्षं काढायची. मग जांभळा, मग तपकिरी. काळा एकोणिसाव्या वर्षाच्या आत कुणालाच नाही. लाल पट्टा हवा असेल तर काळ्यावर ४८ वर्षं काढायची. एकोणीस अधिक अठ्ठेचाळीस, सदुसष्ट. तोवर एसटीचं तिकीट अर्धं होऊन दोन वर्षं झालेली असतात. शिवाय त्या कलेत रोज कुणीतरी छातीवर बसून गळा आवळतो, आणि आपल्याला काय येत नाही ते तिथल्या तिथे कळतं. पोराच्या मनावर परिणाम होतो.

केन्दो, म्हणजे जपानी तलवारबाजी, तीही नको. तिथे आठव्या दानाच्या परीक्षेला बसायलाच वयाची ४६ वर्षं लागतात, सातव्यानंतर दहा वर्षं थांबावं लागतं, आणि शंभरात एखादा पास होतो. इतकं करून अंगावर रंगीत पट्टा नाहीच. कोण कितव्या दानाचा हे बघून कळत नाही. मग व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवायचं काय?

तायक्वांदो बरं, पण पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला तिथे दान देत नाहीत, 'पूम' देतात, आणि पट्टा अर्धा लाल अर्धा काळा. पहिल्यावरून दुसऱ्या दानाला एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्याला दोन, तिसऱ्यावरून चौथ्याला तीन, असा नियम सोलच्या कुक्कीवॉनने, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयाने, घालून ठेवलाय. जितकं वर जाल तितकं जास्त थांबा. आपल्याकडे उलटं असतं. जितकं वर जाल तितकी फी जास्त आणि थांबणं कमी.

आणि कुस्ती? तिच्याबद्दल बोलायलाच नको. तालमीत लंगोट एकाच कामाचा, कुणाचा हिरवा कुणाचा लाल, त्यावरून काही ठरत नाही. ग्रेडिंग मात्र तिथेही असतं, यात्रेत. लहान पोरांची पहिली कुस्ती रेवड्यांवर. मग नारळावर. मग नोटेवर. शेवटच्या जोडीला सगळं गाव उन्हात थांबतं. पाठीला माती लागली की निकाल लागला, पुनर्मूल्यांकन नाही. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली. त्यांना 'भाऊ, तुम्ही कितवे क्यू?' असं विचारायची कुणाची छाती झाली नसेल. पण गदा कमरेला बांधता येत नाही. आणि हरलं तर ते चार गावांना दिसतं. तुमच्या पोराला असल्या उघड्यावरच्या परीक्षेत घालू नका.

मी स्वतः सुरुवातीला चुकलो. चिरंजीवांना घातलं होतं एका जुन्या सरांकडे. नाव घेत नाही. मैदानावर सकाळी सहाला शिकवायचे, बोर्ड नाही, फ्लेक्स नाही. वर्षभराने परीक्षा घेतली आणि अकरातली चार पोरं नापास केली. त्यात आमचं एक. मी गेलो भांडायला. सर काही बोलले नाहीत. चिरंजीवांना म्हणाले, "झेनकुत्सुत उभा राहा." पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय ताठ, कंबर समोर. चिरंजीव उभे राहिले, मला वाटलं झकास. सरांनी दोन बोटं त्याच्या खांद्याला लावली आणि दार लोटावं तसं हळूच ढकललं. आमचं रत्न मटकन खाली बसलं. सर म्हणाले, "अजून पाय नाही लागले. पुढच्या खेपेला बघू." मी त्याच संध्याकाळी क्लास बदलला.

नवीन क्लासमध्ये असली अडचण नाही. तिथे दर तीन महिन्यांनी परीक्षा, आणि परीक्षेच्या फीमध्येच नवा पट्टा. म्हणजे निकालाआधीच पट्टा तुमचा. काळ्याला तर सोनेरी धाग्याने नाव भरून येतं. नापास केलं तर ते नाव उसवत बसणार कोण? त्यामुळे कुणी नापास होत नाही. क्लास निवडताना हेच विचारा, "पट्ट्यावर नाव कधी भरता?" परीक्षेनंतर म्हणाले तर उठा तिथून.

परीक्षेचा दिवस मे महिन्यातला, जागा मंगल कार्यालय. बाहेर ४४ अंश, आत पत्रा. पोरांच्या अंगावर गादीच्या खोळीसारखे जाड ड्रेस. बाहेरगावचे मोठे सर गाडी लेट म्हणून दोन तासांनी येतात, तोवर पोरांनी ओळीत बसायचं, यालाच शिस्त म्हणतात. पट्टा बांधायला शिकून ठेवा. मधला भाग बेंबीवर, दोन वेढे, दोन्ही टोकं सारखी. एकेक बाप गुडघ्यावर बसून पोराला पायजम्याच्या नाडीची गाठ मारून देतो, आणि पहिल्या लाथेला पट्टा जमिनीवर येतो.

मग 'हेइयान शोदान' नावाचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली ओळीने करून दाखवायच्या. एकवीस हालचालींचा, शोतोकान या कराटेशैलीतला अगदी सुरुवातीचा. त्याचा एक साधा नियम असा की जिथून सुरू केला तिथेच तो संपला पाहिजे. पावलं सारखी पडली तर आपोआप संपतो. गेल्या खेपेला एक पोरगं व्यासपीठासमोरून निघालं आणि शेवटची आरोळी त्याने पाण्याच्या जारपाशी ठोकली. तिथेच एक ग्लास पाणी प्यायलं. परीक्षकांनी त्याला 'उत्तम' शेरा दिला. मला वाटतं तो प्रसंगावधानाचा असावा.

शेवटी कौलं फोडायची. यात पालकांनी घाबरू नये. दोन कौलांच्या मध्ये पट्टीचा तुकडा ठेवून फट सोडलेली असते, त्यामुळे वरचं फुटलं की ते खालच्यावर पडतं आणि तेही जातं. फट न ठेवता चळत एकमेकांवर दाबून रचली तर कळेल. ती तशी कुणी रचत नाही. लाकडाची फळी असेल तर रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने चिरेल अशी धरतात. तुम्ही फक्त मोबाइल आडवा धरा आणि 'ओस!' ऐकू आलं की टाळ्या वाजवा.

पास झाल्यावर चौकात फ्लेक्स लावा. पोराचा फोटो एक फूट, शुभेच्छुकांचे मिळून सात फूट. शाल, श्रीफळ, एखादे माजी कुणीतरी. भाषणात कुणी विचारलं की दहावीला वाढीव गुण मिळतील का, तर विषय बदला. ते गुण मिळतात मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरून, पट्ट्याच्या रंगावर नाही.

आणि स्पर्धेत तर उतरवूच नका. तिथे मोठा घोळ आहे. कराटेच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत दोघांपैकी एकाला लाल पट्टा देतात, दुसऱ्याला निळा, पंचांना ओळखायला सोपं म्हणून. तुमचा काळा, सोनेरी नावाचा, तीन महिन्यांच्या घामाचा पट्टा पिशवीत राहतो. ज्यूदोत एकाचा ड्रेसच निळा. तायक्वांदोत छातीवरचं कवच लाल नाहीतर निळं. म्हणजे खरोखर भांडायची वेळ आली की हे लोक विचारतच नाहीत की तू कितवा. इतका खर्च केलेल्या बापाला हा सरळसरळ अपमान आहे.

आमच्याकडे उद्या परीक्षा आहे. काळा पट्टा परवाच आला, प्लास्टिकच्या पिशवीत, नाव भरलेला. आमच्या मायने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. तिची सगळी हयात तापीकाठच्या गावात गेली.

"हाऊ काया पट्टा म्हैसना गयामा बांधाना शे का रे भो?"

मी तिला शोदानाचा अर्थ सांगणार होतो, पण वर लिहिलंय ते आठवलं आणि गप्प बसलो.

संध्याकाळी वेगळाच घोटाळा झाला. परीक्षेला कमरेला जुना, म्हणजे तपकिरी पट्टा लागतो. कपाटात तो नव्हता. पिवळा नव्हता, हिरवाही नव्हता. शोधत गच्चीवर गेलो तर मायने कुरडयांवरची साडी वाऱ्याने उडू नये म्हणून खाटेच्या चार पायांना चार पट्टे बांधले होते. पट्ट्याला लांबीभर समांतर शिलाईच्या कितीतरी ओळी असतात, सुतळीपेक्षा तो केव्हाही मजबूत. तिने बरोबर ओळखलं होतं.

चिरंजीव खाली बसले आणि तपकिरी पट्ट्याची गाठ सोडायला लागले. आधी बोटांनी. मग दातांनी. मग पाय खाटेला लावून दोन्ही हातांनी ओढलं, तर खाटच सरकली आणि कुरडयांची एक रांग जमिनीवर. आवाज ऐकून माय धापा टाकत जिना चढून आली. तिने गाठीकडे पाहिलं, अंगठ्याने एका बाजूने दाबलं, हिसडा दिला आणि पट्टा त्याच्या हातात टाकला.

"ले. बांध आते."