तिरकिट सुटं ऐकू येईल अशी खोली

परवा घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलात गाण्याचा कार्यक्रम होता. मी तबल्याच्या साथीला. क्लबहाऊस देखणं होतं, खाली गुळगुळीत टाइल्स, एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच. स्वर लावताना चाटीवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, एक आघात केला आणि तो विरायला जवळजवळ दोन सेकंद लागले. तिथेच कळलं की आज काही खरं नाही. द्रुत म्हणजे जलद लयीत तबल्याची सेकंदाला आठ अक्षरं सहज वाजतात. आवाज खोलीत दोन सेकंद रेंगाळत असेल, तर नवं अक्षर हातातून निघताना आधीची सोळा अजून हवेतच असतात. तिरकिट या बोलाचा नुसता गलका झाला. गायिकेची तान स्वच्छ, दाणेदार होती, मी तिच्या शेजारी बसलो होतो म्हणून मला माहीत. चौथ्या रांगेपर्यंत ती पोचली नाही. साऊंडवाल्याने आवाज वाढवला, म्हणजे घोळही तेवढाच वाढला. लोकांनी प्रेमाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मला झोप लागली नाही.

गेली बावीस वर्षं ठाणे आणि नवी मुंबईत साथ करतोय. कलाकार कोण, मानधन किती, प्रायोजक कोण यावर तासन् तास बोलणं होतं. खोली कशी आहे, हे मला आजवर एकाही आयोजकाने आपणहून सांगितलेलं नाही. आणि गाणं कसं रंगणार, हे निम्मं तर ती खोलीच ठरवते.

लहानपणी नौपाड्यातल्या एका घरी बैठका ऐकल्या. मंगलोरी कौलं, लाकडी माळा, खाली सतरंज्या, पुढ्यात चाळीसेक माणसं खेटून बसलेली. माणसं, त्यांचे सुती कपडे, सतरंज्या, लाकूड सगळंच आवाज पिऊन घेतं. माईक नव्हता. बुवा खर्जात गुणगुणले तरी दारातल्या माणसाला ऐकू यायचं, आणि डग्ग्याची, म्हणजे जोडीतल्या डाव्याची, घुमक मला सतरंजीखालच्या फळ्यांमधून पायाला जाणवायची. तिथे विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल चाळीस मिनिटं चालायचा, कारण हळू गायलेलंही वाया जात नव्हतं. ते घर पुनर्विकासात गेलं. नव्या इमारतीत जिम आहे.

दिवाळी पहाटेला तलावपाळीच्या परिसरात वाजवलंय. उघड्यावर पहाटे दव असतं, पुडी म्हणजे तबल्याचं कातडं ओल धरतं, स्वर उतरतो. मग दोन गाण्यांच्या मध्ये हातोडीने गठ्ठे, म्हणजे वाद्यांखालचे लाकडी ठोकळे, ठोकत बसायचं. ऊन वर आलं की पुडी सुकते आणि तोच तबला चढतो. नाट्यगृहात एसी सुरू झाला की तेच. एकदा समोर गायक आलापी करत होते आणि राम मारुती रोडकडून डीजेचा ठोका येत होता. त्यांनी आलाप आवरला आणि थेट अभंग घेतला. अभंग छान झाला, लोक डोलले. पण आज काय गायचं ते रस्त्याने ठरवलं, हे मी विसरू शकत नाही.

जागेने गाणं घडवल्याचं सुंदर उदाहरण बघायचं तर घणसोली, करावे, दिवाळे अशा नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावांतल्या भजनांना जावं. आजूबाजूला सेक्टर उभे राहिले, मधे गाव आणि देऊळ तसंच आहे. सभामंडप बाजूंनी मोकळा, आवाज अडवायला भिंत नाही, त्यामुळे हळुवार काही टिकतच नाही. म्हणून बुवांची पट्टी उंच, टाळांचा कडकडाट, मागून सगळ्यांनी उचललेलं ध्रुवपद, आणि पखवाजाची थाप बाहेर कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत. तीच मंडळी बंद हॉलमध्ये माईकपुढे बसवली की कानाला त्रास होतो आणि आपण म्हणतो, फार जोरात गातात. ते त्यांच्या देवळाच्या मापाचं गाणं आहे.

नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१९ च्या डिसेंबरमध्ये यूटू हा रॉक बँड आला होता, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले. अशा कार्यक्रमाबद्दल आपल्या शास्त्रीयवाल्यांनी नाक मुरडू नये असं माझं मत आहे. मैदानात मंचापासून शंभर मीटरवर थेट येणारा आवाज साधारण तीन दशांश सेकंद उशिरा पोचतो, पडद्यावरचं चित्र मात्र लगेच दिसतं. तिथे बारीक लयकारी कोण करणार? रुंद ठोका, लांब स्वर, हजारोंनी एकत्र म्हणता येईल अशी ओळ, हे त्या जागेला शोभतं. मंडळी आपली जागा ओळखून गातात. आम्ही मात्र चाळीस माणसांचं गाणं हजाराच्या हॉलमध्ये नेतो आणि रंगलं नाही की गायकाला दोष देतो.

ठाण्याला १९७८ पासून गडकरी रंगायतन आहे, नंतर घाणेकर नाट्यगृह आलं, वाशीत भावे नाट्यगृह आहे. ही नाटकांची घरं. नाटकातला शब्द शेवटच्या रांगेत कळावा म्हणून ती आहेत, आणि ते काम मोलाचं आहे. तिथे गाणंही होतं, पण दिव्यांच्या झोतात गायकाला समोर फक्त अंधार दिसतो. दाद कुठून आली ते कळत नाही. मान डोलावणारा एक जाणकार समोर दिसला की गायक सुरांच्या ज्या जागा घेतो, त्या अंधाराकडे बघून सुचत नाहीत.

वेळेचं दुखणं तर मला सगळ्यात जास्त लागतं. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, आणि ते योग्यच आहे, शेजारी आजारी माणसं असतात. नाट्यगृहातही पुढच्या प्रयोगाची वेळ डोक्यावर असते. म्हणून आमच्याकडे वर्षभर यमन, पूरिया, बिहाग असे संध्याकाळचे आणि रात्रीच्या सुरुवातीचे राग. मालकंस आणि दरबारी हे रात्री उशिराचे राग त्यांच्या वेळेला ऐकलेली तरुण मुलं मला फारशी भेटत नाहीत. बंद दारामागे, माईकशिवाय, शेजाऱ्यांना त्रास न देता रात्री अकराला दरबारी गाता येतो. त्यासाठी खोली हवी.

खोल्या आहेत. प्रत्येक नव्या टॉवरमध्ये एक आहे, वाढदिवस सोडले तर रिकामी. त्या काचेवर जाड पडदे सोडा, फरशीवर सतरंज्या आणि गाद्या अंथरा, खुर्च्या काढा, माईक लावू नका, पन्नासच्या वर माणसं घेऊ नका. मागच्या वर्षी कोपरीत एका ओळखीच्यांच्या हॉलमध्ये आम्ही एवढंच केलं. डग्ग्याची घुमक पुन्हा पायाला जाणवली.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुणाच्या सोसायटीत अशी खोली असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. आधी एकदा नुसता येऊन चाटीवर आघात करून बघेन. सतरंज्या माझ्याकडे बारा आहेत.