शंका लपवण्याचा सल्ला पटला नाही

‘संस्थापकाने मनातली शंका सहकाऱ्यांना कधीही दिसू देऊ नये’ हे एका लेखात वाचलेले विधान मला मुळीच पटले नाही. रत्नागिरीजवळच्या आमच्या बागांतला हापूस थेट ग्राहकांच्या घरी पोहोचवण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा मीही हेच करत होतो. मोहरातली बहुतेक फुले गळूनच जातात हे लहानपणापासून ठाऊक असूनही, लगडलेली झाडे पाहून मी जानेवारीतच सगळ्यांना दुप्पट पेट्यांचा आकडा सांगून टाकत असे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि झाडांखाली फळांचा सडा पडला, तेव्हा आगाऊ पैसे घेतलेल्या ऑर्डरी वहीत तशाच होत्या. त्या संध्याकाळी सर्वांना खळ्यात बसवून हातात किती पैसे उरले आहेत, हे मी पहिल्यांदा खरे सांगितले. कोणीही सोडून गेले नाही. उलट पडलेल्यांपैकी न फुटलेली फळे निवडून कॅनिंगला द्यावीत, हे पॅकिंग करणाऱ्या एका ताईंनीच सुचवले.

ग्राहकांशीही तसेच. हापूसमधला साका बाहेरून ओळखू येत नाही, फळ कापल्यावरच तो पांढरट, स्पंजासारखा गर दिसतो. आता आमच्या प्रत्येक पेटीत चिठ्ठी असते, की साका निघाल्यास फोटो पाठवावा, फळ बदलून मिळेल. उमेद हवीच, ती नसेल तर मोहर येण्याआधी फवारणीवर खर्च कोण करील? मात्र जानेवारीत मी आता दोन आकडे सांगतो: हंगाम साधला तर किती पेट्या, आणि फसला तर किती.