घरचा सर्व्हर बाहेरून का उघडत नाही: तुमच्या कमेंटला सविस्तर उत्तर

नमस्कार दादा,

कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की घरचा सर्व्हर बाहेरून कसा उघडायचा या माझ्या लेखावर भरवसा ठेवून दोन रविवार घातले, राउटरमध्ये ४४५ पोर्ट फॉरवर्ड केला (म्हणजे बाहेरून त्या क्रमांकाच्या दारावर येणारं सगळं घरच्या पीसीकडे वळवलं), जमेना म्हणून विंडोजची फायरवॉल बंद केली, मग वैतागून पीसीचा आयपी डीएमझेडमध्ये टाकला (म्हणजे बाहेरून येणारं सगळंच त्या पीसीकडे सोडलं), तरी पुण्यात शिकणाऱ्या मुलाला घरच्या फाइल्स दिसत नाहीत. घरातून मात्र राउटरवर दिसणारा वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) टाकला की फोल्डर उघडतं. आणि शेवटी मी ‘व्हीपीएन लावा’ (म्हणजे इंटरनेटवरून दोन मशीनमध्ये खासगी बोगदा करा) म्हटलंय ती निव्वळ पळवाट, कारण वायरगार्ड नावाचं व्हीपीएनही लावून बघितलं आणि तेही जोडलं जात नाही.

बाकीचं नंतर वाचा, आधी उठा आणि डीएमझेड बंद करा, फायरवॉल चालू करा. फोल्डर शेअरिंगचा ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवायचाच नसतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच वाटेने, आणि त्याच्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण लोकांनी टाकलाच नव्हता. आज तुमच्याकडे बाहेरून काही येत नाहीये म्हणून निभावलंय, पण उद्या आयएसपीने (इंटरनेट देणाऱ्या कंपनीने) तुम्हाला खरा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा पत्ता, दिला की त्याच क्षणी अख्खा पीसी उघड्यावर पडेल. मूळ लेखात मी ‘पोर्ट फॉरवर्ड करा’ लिहिलं आणि कुठला करायचा नाही ते लिहिलंच नाही, ही चूक माझी आहे आणि ती आजच दुरुस्त करतोय.

आता मूळ दुखणं. तुम्ही कमेंटमध्येच लिहिलंय की वॅन आयपी १००.७८ ने सुरू होतो. निदान तिथेच झालं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सगळे पत्ते २०१२ मध्ये आयएसपींच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवलेत. आपल्या आशिया-पॅसिफिक भागातला आयपीव्ही४ म्हणजे नेहमीच्या चार आकड्यांच्या पत्त्यांचा साठा २०११ च्या एप्रिलमध्येच शेवटच्या तुकड्यावर आला होता, त्यामुळे एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं बसवायची, याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढे आयएसपीचा आणखी एक राउटर आहे, आणि त्याच्यात तुमचा काही नियम नाही, तुम्हाला तिथे हातही लावता येत नाही. मुलाकडून आलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) तिथेच टाकून दिलं जातं, तुमच्या दारापर्यंत येतच नाही. तुम्ही दोन रविवार घरातल्या सेटिंग बदलत बसलात, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, आणि बंब तिकडे पाठवला तो मीच, कारण सगळ्यात आधी वॅन आयपी तपासा हे लेखात पहिल्या ओळीत हवं होतं ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. ज्यांना शंका असेल त्यांनी राउटरवरचा वॅन आयपी आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरचा आयपी शेजारी ठेवून बघा, वेगळे असले तर मधे कोणीतरी आहे. (१९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर आधी घरातल्याच ओएनटी (फायबरची पेटी) आणि राउटरची दुहेरी भानगड आहे का बघा, ओएनटी ब्रिज मोडला टाकली, म्हणजे तिचं राउटरचं काम बंद केलं, की पुष्कळदा सुटतं.)

मग घरातून कसं उघडतं? तुम्ही घरातून वॅन आयपी टाकता तेव्हा पॅकेट बाहेर जातच नाही. राउटर म्हणतो हा तर माझाच पत्ता, आणि तिथल्या तिथे वळवून पीसीकडे देतो. फॉरवर्डिंगचा नियम बरोबर लिहिलाय एवढंच त्यातून कळतं, बाहेरची वाट मोकळी आहे की नाही ते अजिबात कळत नाही. टेस्ट नेहमी मोबाईल डेटावरून करायची, वायफाय बंद करून.

आमच्याकडे हेच झालं होतं. सर्व्हरवर टीसीपीडंप लावून ठेवला, त्याच्यात येणारं प्रत्येक पॅकेट एकेक ओळ म्हणून दिसतं, बायकोला स्क्रीनसमोर बसवलं आणि मी वायफाय बंद करून गच्चीवर. वरून लिंक दाबायची आणि ओरडून विचारायचं, आलं का? खालून एकच उत्तर, काही हललं नाही. सात-आठ वेळा दाबलं. मग वायफाय चालू करून दाबलं तर भराभर ओळी पडल्या. त्या दिवसापासून मी आधी हेच करतो, कारण पॅकेट आलं आणि उत्तर गेलं नाही तर फायरवॉल किंवा सर्व्हर बघायचा, आणि पॅकेटच आलं नाही तर घरातलं काहीही बदलून फायदा नाही. विंडोजवर हेच वायरशार्क या प्रोग्राममध्ये बघता येईल.

व्हीपीएनच्या बाबतीत तुमचं अर्धं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. वायरगार्डला पण बाहेरून आत यायला एक यूडीपी पोर्ट लागतो, सहसा ५१८२०, आणि सीजीनॅटमागे तो पण बंदच. पण पळवाट मात्र नाही, फक्त हाक आतून बाहेर मारावी लागते. टेलस्केल नावाचं व्हीपीएन तेच करतं. तुमचा पीसी आणि मुलाचा लॅपटॉप दोघेही बाहेर जाऊन एकमेकांना शोधतात, थेट जमलं तर थेट, नाही तर मधल्या रिले सर्व्हरवरून, आणि डेटा दोन्ही टोकांपर्यंत एन्क्रिप्टेडच राहतो. राउटरला हात लावायचा नाही. दोन्हीकडे टाका, एकाच अकाउंटने लॉगिन करा, फायरवॉल चालू ठेवूनच, आणि मुलाने टेलस्केलने दिलेल्या आयपीवर नेहमीसारखं फोल्डर उघडायचं. एक गोष्ट आधीच सांगतो, टेलस्केलचे पत्ते पण १००.६४ ते १००.१२७ मधलेच असतात, तेव्हा बघून घाबरू नका, तो आयएसपीचा पत्ता नव्हे.

दुसरा रस्ता म्हणजे तुमच्या फायबरवाल्याला फोन करून स्पष्ट विचारा, ‘स्टॅटिक पब्लिक आयपी मिळेल का’. नुसतं नेट चालत नाही म्हणालात तर तो राउटर रिस्टार्ट करा म्हणेल. आयपी मिळाला तरी फक्त वायरगार्डचाच पोर्ट उघडा, ४४५ नाही.

आयपीव्ही६ (नव्या, लांबलचक पत्त्यांची पद्धत) पण आहे, त्यात नॅट, म्हणजे एका पत्त्यामागे अनेकांना बसवणं, लागतच नाही, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये परवानगी दिली की झालं, पण दोन्ही टोकांना आयपीव्ही६ हवं आणि होस्टेलच्या वायफायवर ते असेलच असं नाही, म्हणून तुमच्यासाठी टेलस्केलच.

हे आज रात्री करून बघा, आणि मुलाला फोल्डर उघडायला सांगताना होस्टेलचं वायफाय आणि मोबाईल डेटा दोन्हीवर ट्राय करायला सांगा. एकावर चाललं आणि दुसऱ्यावर नाही तर कुठल्यावर नाही ते इथेच लिहा, पुढचं तिथून बघू. आणि डीएमझेड बंद केलं की तेवढी एक ओळ आधी टाका, तोवर माझ्या जिवाला घोर आहे.